आठवड्यातले ९ तास आणि उरलेले १५९

"अगं, पण त्याला अ‍ॅडमिट कधी करणार?"

पुण्याहून मावशीचा व्हिडिओ कॉल. माझ्या धाकट्या भावाचे दारू सोडण्याचे उपचार इथे न्यू जर्सीत सुरू होऊन तेव्हा दोन आठवडे झाले होते. त्या रात्री तो आणि भावजय आमच्याकडे जेवायला होते, आणि कॅमेऱ्यात माझ्या मागे तो भांडी विसळताना दिसत होता. मावशीला काही केल्या पटेना. तिच्या लेखी व्यसनमुक्ती म्हणजे येरवड्याचं मुक्तांगण. महिनाभर आत राहायचं, तिथल्या वेळापत्रकानं उठायचं-बसायचं, घरच्यांनी ठरल्या दिवशी भेटायला जायचं. जो माणूस रात्री घरी येऊन आमटीभात खातो, त्याच्यावर उपचार चाललेत असं कसं म्हणायचं?

खरं तर पहिल्या आठवड्यात मलाही हीच शंका होती. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. पण चार महिने दर बुधवारी कुटुंबीयांच्या गटात बसले, प्रश्न विचारून लोकांना भंडावलं, आणि जे कळलं ते इथे मांडते आहे. भावाला विचारून लिहिते आहे. त्याची एकच अट होती, नाव नको.

या उपचारांना इथे सगळे 'आयओपी' म्हणतात. इंटेन्सिव्ह आउटपेशंट प्रोग्रॅम. घरी राहून, नोकरी सांभाळून घ्यायचे, पण भरगच्च उपचार. ओपीडीत महिन्यातून एकदा डॉक्टरांना तोंड दाखवून येणं हे एक टोक, आणि महिनाभर केंद्रात राहणं हे दुसरं. आयओपी या दोन्हींच्या मधे कुठेतरी बसतं. अमेरिकेतल्या व्यसनोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनं उपचारांच्या पायऱ्या आखल्या आहेत, त्यांत ही २.१ क्रमांकाची पायरी. मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ९ ते १९ तास, पौगंडावस्थेतल्या मुलांसाठी ६ ते १९. २० तासांच्या वर गेलं की 'डे-प्रोग्रॅम' म्हणजे २.५ ची पायरी, आणि त्याच्या वर निवासी उपचार व हॉस्पिटल. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आठवड्यातून तीन दिवस, तीन-तीन तास असा साचा दिसतो. इन्शुरन्सवाल्यांचा बिलासाठी जो कोड आहे (एच००१५), त्याच्या व्याख्येतच 'दिवसाला किमान तीन तास आणि आठवड्याला किमान तीन दिवस' असं लिहिलेलं आहे. त्यामुळे हा आकडा कुठून आला याबद्दल माझ्या मनात थोडा संशय आहेच.

आठवड्याचे तास १६८. त्यातले ९ वजा केले की उरतात १५९. ते १५९ तास माणूस आपल्याच घरात, आपल्याच ऑफिसात, ज्या दुकानातून बाटली आणायचा त्या दुकानावरून गाडी नेत काढतो. मावशीला यात धोका दिसत होता. तो आहेच. पण सगळी योजना त्याच १५९ तासांसाठी केलेली असते. केंद्रात दारू नसते, म्हणून तिथे न पिणं तुलनेनं सोपं. घरी परतल्यावर खरी परीक्षा सुरू होते, आणि तेव्हा शिकवणारं कुणी जवळ नसतं. आयओपीत परीक्षा आणि शिकवणी एकाच वेळी चालतात. मंगळवारी रात्री जे अडलं, ते बुधवारी संध्याकाळी गटात मांडता येतं.

पण हे सगळ्यांना चालत नाही, आणि कुणाला चालत नाही हे आधी समजून घ्यायला हवं. आमच्या घरी हे जरा विचित्र रीतीनं कळलं.

माझा भाऊ दरवर्षी श्रावण पाळायचा. गटारीला यथेच्छ, आणि मग महिनाभर थेंब नाही. यामुळे आम्ही सगळे निर्धास्त. 'हवं तेव्हा सोडू शकतो तो, बघा श्रावणात कसा राहतो!' गेल्या श्रावणात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजायला लागला. घाम, छातीत धडधड, झोप नाही. भावजयीला वाटलं ताप असेल. फोनवर डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले, 'रोज किती प्यायचा?' आणि 'शेवटची कधी प्यायला?' आणि सरळ इमर्जन्सीत आणायला सांगितलं.

रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद केली तर पहिल्या दिवसातच थरथर सुरू होऊ शकते, साधारण दोन दिवसांपर्यंत फिट येण्याची भीती असते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं दिसतात, वेळ-जागेचं भान जातं. ही अवस्था जिवावर बेतू शकते. म्हणून आधी डिटॉक्स. औषधांच्या आधारानं, देखरेखीखाली, काही दिवसांत शरीराला दारूशिवाय स्थिर करायचं आणि सोबत 'बी-१' हे जीवनसत्त्व भरून काढायचं. भाऊ पाच दिवस हॉस्पिटलात होता. त्यानंतर आयओपी. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांचंही असंच आहे. आपल्याकडे कित्येक घरांत त्या 'झोपेची गोळी' म्हणून वर्षानुवर्षं चालू असतात, आणि त्याही मनानं एकदम थांबवू नयेत. अफूच्या वर्गातल्या नशेचं (हेरॉइन, काही वेदनाशामक गोळ्या) गणित उलटं आहे. ती सोडताना माणूस हैराण होतो, पण सहसा तेवढ्यानं मरत नाही. धोका नंतर असतो. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि जुन्या सवयीनं जुनाच डोस घेतला तर श्वास थांबतो. त्यावरचा नॅलोक्सोनचा नाकात मारायचा फवारा २०२३ पासून अमेरिकेत प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळतो. ज्यांच्या घरी ही नशा आहे त्यांनी तो ठेवावा, यात लाजण्यासारखं काही नाही.

डिटॉक्स झालं म्हणजे बरा झाला, हा आमचा पुढचा गैरसमज. पाच दिवसांत फक्त शरीर दारूतून बाहेर आलं होतं.

पहिल्या दिवशी गट वगैरे काही नसतो. असते ती मोठी मुलाखत. भावाची दीड-दोन तास चालली. काय पितोस, किती, कधीपासून, आधी सोडायचा प्रयत्न केला होता का, शरीराचे आजार, नैराश्य, आत्महत्येचे विचार, घरी कोण आहे, घरात बाटली आहे का, गाडी चालवतोस का. निदानासाठी ११ खुणांची एक यादी असते. ठरवलेल्यापेक्षा जास्त पिणं, कमी करायचे प्रयत्न फसणं, तलफ येणं, कामाचं नुकसान, नात्यांत खटके उडूनही पीत राहणं, तोच अंमल यायला जास्त लागणं, अशा त्या खुणा. गेल्या वर्षभरात दोन-तीन लागू पडल्या तर सौम्य, चार-पाच मध्यम, सहा किंवा जास्त असल्या तर तीव्र. 'व्यसनी' आणि 'बिनव्यसनी' अशा दोन पेट्या तिथे नसतात, एक पट्टी असते. भावाला नऊ लागू पडल्या. श्रावण पाळणं न पाळणं यादीत कुठेच नव्हतं.

मग सह्या. ढीगभर. त्यातली एक माझ्यासाठी महत्त्वाची ठरली. दुसऱ्या दिवशी मी केंद्रात फोन करून 'तो आला का?' एवढंच विचारलं, तर पलीकडची बाई म्हणाली, 'त्या नावाची व्यक्ती इथे येते की नाही, हेसुद्धा मी सांगू शकत नाही.' मी बहीण आहे म्हटलं तरी नाही. राग आला. पण अमेरिकेत व्यसनोपचारांच्या नोंदींना सत्तरच्या दशकापासून इतर वैद्यकीय नोंदींपेक्षाही कडक संरक्षण आहे. पेशंटनं लेखी परवानगी दिली, तेवढ्याच माणसांना आणि तेवढीच माहिती मिळते. ही परवानगी पहिल्याच दिवशी मागून घ्यावी, नंतर विसरायला होतं. आणि ऑफिसला, सासरला, मंडळातल्या लोकांना कळेल या भीतीनं जे येत नाहीत, त्यांच्यासाठी ही भिंत फार मोलाची आहे.

आता संध्याकाळ. भाव्याची (घरी आम्ही त्याला हेच म्हणतो) वेळ होती सहा ते नऊ. एका साध्या ऑफिस-इमारतीत, दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. गोल मांडलेल्या दहा-बारा खुर्च्या, त्याच्या मते अत्यंत वाईट कॉफी, आणि भिंतीवर फळा. कोण कोण असतं हे त्यानं कधी सांगितलं नाही. गटातलं गटातच, हा पहिला नियम. फक्त एवढं म्हणाला की गाडी चालवताना पकडला गेला म्हणून कोर्टानं पाठवलेला आणि स्वतःहून आलेला, दोघंही शेजारी बसतात, आणि महिन्याभरात कोण कसा आला होता ते आठवत नाही.

सुरुवातीला प्रत्येकानं थोडक्यात सांगायचं, मागच्या बैठकीपासून काय झालं, तलफ आली का, केव्हा, काय केलं. शेवटचा थेंब कधी घेतला ती तारीखही सांगायची. भाव्याला पहिले तीन दिवस हे जमलं नाही, म्हणजे आकडा सांगायचा आणि गप्प. आपल्या माणसांना परक्यांसमोर घरचं बोलायची सवय नसते. 'मला वन-टू-वन द्या,' असं त्यानं दोनदा सांगून पाहिलं. आठवड्यातून एकदा तेही असतं, पण मुख्य काम गटातच चालतं. त्याचं कारण त्याला चौथ्या बैठकीत कळलं. एक जण म्हणाला, 'मी गॅरेजमध्ये टूलबॉक्समागे लपवायचो,' आणि भाव्याला हसू आलं, कारण तोही तिथेच लपवायचा. समुपदेशकानं तासभर समजावून जे झालं नसतं, ते त्या एका वाक्यानं झालं.

नंतरचा वेळ शिकायचा. याचा एक जुना, बराच वापरला जाणारा नमुना म्हणजे 'मेट्रिक्स मॉडेल'. ऐंशीच्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये कोकेन आणि मेथच्या (मेथअ‍ॅम्फेटामीन या उत्तेजक नशेच्या) पेशंटांसाठी घडवलेला, साधारण १६ आठवड्यांचा. कॅलेंडरवर प्रत्येक कोरड्या दिवसाला टिकली चिकटवायची, दिवस तासातासानं आखायचा, ट्रिगर ओळखायचे. ट्रिगर म्हणजे ज्याच्यामुळे तलफ जागी होते ती गोष्ट. माणूस, जागा, वेळ, वास, भावना. भाव्याच्या यादीत शुक्रवार, हायवेवरचा एक ठराविक एक्झिट, तळलेल्या काजूंचा वास आणि 'बॉसनं कौतुक केलं की' हे चार होते. दुःखात पितात हे सगळ्यांना माहीत असतं. आनंदात जास्त पितो, हे त्याला स्वतःला तिथे कळलं.

तलफेबद्दल जे शिकवतात ते मला सगळ्यात उपयोगी वाटलं. आपल्याला वाटतं, तलफ आली की ती वाढतच जाणार आणि शेवटी प्यायल्याशिवाय सुटका नाही. पण ती लाटेसारखी असते. चढते, माथ्यावर येते, आणि तिला खाणं घातलं नाही तर उतरते, बहुधा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ काढायचा. कुणाला फोन करायचा, चालायला जायचं, काहीतरी खायचं. उपाशी, चिडलेला, एकटा, थकलेला, या चार अवस्थांत लाट मोठी येते, म्हणून त्या टाळायच्या. भाव्याच्या बाबतीत संध्याकाळी साडेपाचला पोहे खाऊन निघणं हा निम्मा उपाय ठरला. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पोहे खायला एवढी फी?"

आणि नकार द्यायची तालीम. न्यू जर्सीतली मराठी पार्टी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. वर किचनमध्ये बायका, खाली बेसमेंटमध्ये पुरुष, मधोमध टेबलावर कुणीतरी परवाच भारतातून येताना आणलेली ड्यूटी-फ्रीची बाटली. भाव्यानं गटाला हे दृश्य समजावून सांगितलं आणि एका गोऱ्या गृहस्थाला यजमान बनवून 'एकच घे रे' शिकवलं. त्यानं ते 'येकच गे रे' करून इतक्या आग्रहानं म्हटलं की सगळे हसून लोळले. मग तालीम सुरू झाली. भाव्या म्हणाला, 'आज संकष्टी आहे.' समुपदेशक म्हणाली, चुकलं. सबब दिली की घासाघीस सुरू होते. संकष्टी उद्या संपते, अ‍ॅसिडिटीवर गोळी मिळते, 'गाडी चालवायची आहे' म्हटलं तर कुणीतरी सोडायला तयार होतो. 'नको, मी पीत नाही' एवढंच म्हणायचं, हातात स्वतःचा सोड्याचा ग्लास ठेवायचा, आणि आपली गाडी अशी लावायची की दुसऱ्या कुणाला गाडी हलवायला न सांगता निघता येईल. हा शेवटचा सल्ला मला विशेष आवडला.

लघवीची तपासणी असते. अचानक, आठवड्यातून एखाद-दोनदा. प्लास्टिकच्या पेल्याच्या बाजूला तापमान दाखवणारी पट्टी असते, नमुना ताजा आहे की घरून बाटलीत आणला आहे ते कळण्यासाठी. भाव्याला पहिल्यांदा अपमान वाटला. पुढे तोच म्हणाला की 'बुधवारी कप असेल' हा विचार मंगळवारी रात्री कामाला येतो. दारूची खूण शोधणारी एक तपासणी (ईटीजी) जवळजवळ तीन दिवस मागचं पकडते, आणि ती इतकी तिखट आहे की दारू असलेला माउथवॉश किंवा हात चोळायचं सॅनिटायझर भरपूर वापरलं तरी गोंधळ होऊ शकतो.

इथे आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी, ज्या केंद्रातल्या कुठल्याच माहितीपत्रकात नव्हत्या. पहिली म्हणजे आसव आणि अरिष्टं. द्राक्षासव, कुमारी आसव, अशोकारिष्ट यांत आंबवण्यातून तयार झालेली दारू असतेच. काही होमिओपॅथीच्या थेंबांतही असते. दुसरी, खसखस. दिवाळीत मावशीनं कुणाबरोबर तरी अनारसे पाठवले, भाव्यानं बसल्या बैठकीला पाच-सहा खाल्ले, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा कप अफूच्या वर्गासाठी पॉझिटिव्ह निघाला. तो हादरला. नमुना लॅबकडे गेला, पण लॅबलाही मॉर्फिन सापडतंच, कारण खसखशीला ते खरोखरच चिकटलेलं असतं. याच घोळामुळे १९९८ मध्ये अमेरिकन सरकारनं नोकरीच्या तपासण्यांसाठीची मर्यादा मिलीलिटरमागे ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली, पण दवाखान्यांतल्या पट्ट्या अजूनही बऱ्याचदा जुन्याच मर्यादेवर चालतात. भाव्यानं फोनवर अनारशाचा फोटो दाखवला. समुपदेशकानं बराच वेळ तो मोठा करून पाहिला आणि फायलीत नोंद केली.

औषधांबद्दल आमच्या घरात वाद झाला. 'एक सोडायला दुसरी गोळी?' असं वडीलधारे म्हणणारच. नाल्ट्रेक्सोन दारूतली मजा बोथट करतं. रोज गोळी किंवा महिन्याला एक इंजेक्शन. अ‍ॅकॅम्प्रोसेट सोडल्यानंतरची बेचैनी कमी करतं. यांची नशा चढत नाही. अफूवर्गाच्या व्यसनात ब्यूप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देतात. त्यात मृत्यूचा धोका इतका उतरतो की ते न देणारं केंद्र भेटलं तर मी दुसरं शोधीन. डायसल्फिराम वेगळं. ते घेऊन प्यायलं तर चेहरा लाल, उलट्या, छातीत धडधड, कधी त्याहून गंभीर. भारतात एसटी स्टँडच्या भिंतींवर 'दारू सोडवा, पिणाऱ्याच्या नकळत' अशा जाहिराती असतात. पुड्यांत काय असतं कुणास ठाऊक, पण न सांगता कुणालाही काहीही आमटीत कालवू नका. माणूस मरू शकतो, आणि वाचला तर तुमच्या हातचं पुन्हा खात नाही.

बुधवार कुटुंबीयांचा. मी गेले ते भावाची तक्रार करायला. पहिल्याच बैठकीत प्रश्न आला, 'तुम्ही त्याच्यासाठी शेवटचं खोटं कधी बोललात?' मी जुलैमध्ये त्याच्या मॅनेजरला फोन करून सांगितलं होतं की त्याला फूड पॉयझनिंग झालंय. भावजय बाटल्यांवर पेननं खुणा करायची. मी एकदा व्हिस्कीत पाणी घातलं होतं. हे सगळं प्रेमापोटी, आणि सगळं निरुपयोगी. त्याच्या पिण्याचे चटके त्याला बसायच्या आधी आम्ही झेलत होतो. गटातल्या बाई म्हणाल्या, पहारा देऊ नका. बाटली घरात ठेवू नका, प्यायलेला असताना वाद घालू नका, त्याच्या जागी फोन करू नका, आणि तुमची स्वतःची झोप सांभाळा. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही संघटना १९५१ पासून आहे. त्यांच्या बैठकांना भावजय अजूनही जाते, मी जात नाही. मला प्रत्येक ठिकाणी बोलायचंच असतं, आणि तिथे ऐकायचं जास्त असतं.

पाचव्या आठवड्यात तो प्यायला. कामासाठी शिकागोला गेला होता, परतीचं विमान चार तास उशिरा, लाउंज, शुक्रवार. सोमवारी कप द्यायच्या आधीच त्यानं गटात सांगितलं. मला वाटलं, आता काढून टाकतील. काढलं नाही. आठवड्यातले तीन दिवस चार केले, एकट्याची एक बैठक वाढवली, आणि पूर्ण संध्याकाळ त्या चार तासांवर घालवली. नेमकं कुठे वळण घेतलं? बारकडे चालायला लागला तेव्हा की त्याआधी, दुपारी जेवण चुकवलं तेव्हा? त्यांचं म्हणणं असं की पहिल्या घोटापेक्षा त्यानंतरचा विचार घातक. 'गेलंच सगळं, मग पिऊनच घेऊ.' घसरणं आणि लोळणं यांत फरक करायला शिकवतात. २००० साली एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात व्यसनाची तुलना रक्तदाब आणि दम्याशी केली होती. नशेच्या उपचारांनंतर ४० ते ६० टक्के लोक वर्षभरात परत वळतात, आणि रक्तदाब-दम्याचे ५० ते ७० टक्के पेशंट वर्षभरात पुन्हा उपचारांची गरज पडण्याइतके बिघडतात. रक्तदाब वाढला म्हणून डॉक्टर कुणाला हाकलत नाहीत. मात्र वारंवार घसरण होत असेल, घरातच कुणी पिणारं असेल, राहायला जागा नसेल किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर वरच्या पायरीवर, म्हणजे निवासी उपचारांकडे जायला हवं. तिथे हट्ट नको.

मग याचा उपयोग होतो का? २०१४ मध्ये बारा-एक अभ्यास एकत्र तपासले गेले. बहुतेकांच्या बाबतीत आयओपीचा परिणाम निवासी उपचारांच्या तोडीचा निघाला. 'बहुतेकांच्या' हा शब्द विसरू नये. वेळही पुरेसा द्यावा लागतो. ९० दिवसांच्या आत सोडलेल्या उपचारांचा फायदा तोकडा राहतो, असं अमेरिकेची राष्ट्रीय संशोधन संस्था सांगते. भाव्याचं तीन दिवसांवरून दोन, दोनवरून एक असं उतरत गेलं.

पैसे आणि कागद थोडक्यात. इन्शुरन्सनं शरीराच्या आजारांपेक्षा व्यसनावर जास्त कडक अटी लावू नयेत असा २००८ चा कायदा आहे, तरी आधी मंजुरी घ्यावी लागते, आणि दर बैठकीला को-पे (आपल्या खिशातून भरायचा वाटा) असेल तर आठवड्याचे तीन धरून हिशेब करा. आमचा चुकला होता. मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांसाठीचा सरकारी इन्शुरन्स) १ जानेवारी २०२४ पासून आयओपीचे पैसे देतं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत वर्ष भरलं असेल तर १९९३ च्या कायद्यानं १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते, आणि ती तुकड्या-तुकड्यांत, फक्त संध्याकाळी लवकर निघण्यापुरतीही घेता येते. व्हिसावर असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली तरी निकालाआधी व्हिसा रद्द होऊ शकतो. त्यामुळे अर्ज-मुलाखतीचं इमिग्रेशन वकिलाला विचारा, बेसमेंटमधल्या तज्ज्ञांना नको. केंद्र शोधायला १-८००-६६२-४३५७ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो, आणि आत्महत्येचे विचार येत असतील तर ९८८.

मावशीचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. महाराष्ट्रात व्यसनमुक्तीची ओळखच निवासी केंद्रांनी घडवली. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीनं १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, आणि 'बेवडा' या शब्दाच्या जागी 'पेशंट' म्हणायला एका पिढीला शिकवलं. पण सगळ्यांनाच आत जायची गरज नसते, आणि जाणं शक्यही नसतं. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दिसलं की भारतात दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांत एकालाच कसलीतरी मदत मिळते. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर एक प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी त्या गटातले ३६ टक्के, आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्यांतले २६ टक्के, धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते. हे तीव्र अवलंबित्वाचे पेशंट नव्हते, मधल्या टप्प्यातले होते. आपल्या घराघरांत तेच जास्त असतात. भारतात विचारणा करायला नशामुक्तीची १४४४६ आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६ या हेल्पलाइन आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक त्रास आजार म्हणून धरले आहेत, तेव्हा गुप्ततेचा हक्क तिथेही आहे.

यंदा श्रावण आला तेव्हा भाव्यानं तो पाळणार असल्याचं जाहीर केलं नाही. दिवाळीत मावशीचा डबा आला. वर चिठ्ठी होती, 'खसखस घातलेली नाही, तीळ लावले आहेत.' तिळाचे अनारसे दिसायला अगदीच कसेतरी होते. भाव्यानं तसं तिला फोनवर सांगितलं आणि बोलता बोलता चार संपवले.